मास्क लावायचा म्हणजे दाढी काढायचीच? एक खुलासा

‘मास्क लावून काम करणाऱ्या प्रत्येकाला दाढी काढावीच लागते’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. ही अट चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या रेस्पिरेटरपुरती, म्हणजे घातक हवेपासून श्वास वाचवणाऱ्या खास मास्कपुरती आहे. त्याची कड त्वचेला टेकते तिथे केस नकोत. खुंट वाढले तरी फट राहते आणि घातक धूळ, वायू आत शिरतो. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या १९१०.१३४ या नियमात हेच आहे. कडेच्या आत मावणारी, झडपेत न अडकणारी मिशी चालते. शिवाय पंख्याने हवा पुरवणारा, सैल हूडचा रेस्पिरेटर दाढीवरही वापरता येतो. धर्मामुळे दाढी राखणाऱ्याला किंवा वस्तऱ्याने पुळ्या येणाऱ्याला ‘दाढी काढ, नाहीतर घरी बस’ म्हणण्याआधी हा पर्याय तपासायलाच हवा.