शिल्लक दिसली की संस्था लबाड?

ट्रस्टच्या ताळेबंदात चार पैसे शिल्लक दिसले की लोकांच्या भुवया का उंचावतात, हे इतकी वर्षं खजिनदारकी करूनही मला कळलेलं नाही. घरात सहा महिन्यांची तजवीज असेल तर माणूस शहाणा. संस्थेकडे असेल तर लगेच, ‘यांना कशाला द्यायचे, यांच्याकडे आहेत की!’

आमच्या अभ्यासिकेत पंख्याच्या पात्यांवरसुद्धा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं आहे. विजेचं बिल मात्र कुणाच्या स्मरणार्थ कुणी भरत नाही. झाडणाऱ्या मावशींचा पगारही नाही. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशाचं, तर विचारूच नका. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा खरं तर कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, पण प्रस्ताव दिला की कात्री चालते ती आमच्या हिशेबनिसाच्या पगारावर.

जुन्या मंडळींनी कायम निधी दिला, म्हणजे मुद्दल ठेवीत ठेवायचं आणि व्याजातून दरवर्षी त्यांच्या नावाचं पारितोषिक द्यायचं, तो दूरदृष्टीनंच. नव्वदच्या दशकात ५,००० रुपयांच्या ठेवीवर ११ टक्क्यांनी वर्षाला ५५० यायचे. बक्षिसाचा शब्दकोश आणि वर कंपासपेटी सहज व्हायची. आज ७ टक्के धरले तरी ३५०च येतात. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि त्या नावाचं पारितोषिक तर द्यायलाच हवं. मग वरचे पैसे जातात सर्वसाधारण निधीतून. अशी पाच-सात पारितोषिकं असली की निधी कागदावर तेवढाच राहतो आणि संस्था आतून झिजत जाते.

बरं, कायदा आड येतो म्हणावं तर तसंही नाही. आयकराची सूट टिकवायला उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्चायचे, १५ टक्के राखता येतात. त्याहून जास्त ठेवायचे तर कारण नोंदवून ५ वर्षांपर्यंत ठेवता येतात. तरी दर मार्चमध्ये ‘संपवा, संपवा’ म्हणून नको असलेले प्रिंटर येतात!

त्यात नव्या करप्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकरातली वजावट नाही, त्यामुळे पाच-दहा हजार देणारे नोकरदार गळू लागलेत. (वजावटीसाठीच दिलेल्या पैशाला दान म्हणायचं का, हा वाद पुन्हा कधीतरी.)

म्हणून देणगीआधी एका वर्षाचा नको, पाच वर्षांचे ताळेबंद मागा. ते धर्मादाय आयुक्तांकडे जातातच, लपवण्यासारखं काही नसतं. एकाच देणगीदारावर किती भिस्त आहे आणि उद्या तो गेला तर पगार किती महिने निघतील, एवढं बघा. पटलं तर पावतीवर ‘संस्थेच्या गरजेनुसार’ असं लिहून घ्या. त्या दोन शब्दांनी खजिनदाराला रात्रीची झोप लागते.