मिरचीचं पान वळलं म्हणजे फुलकिडेच, असं नसतं

आचऱ्याच्या मावशीने भात कापून झाल्यावर कुणग्यात (भाताच्या खाचरात) मिरची लावली आहे. बचत गटात फिरणारा एक मेसेज तिने मला पाठवला आणि विचारलं, "उद्या मारू काय रे?" मेसेजचा सारांश असा: मिरचीचं पान वळलं की ते फुलकिडेच (इंग्रजीत थ्रिप्स). पिवळे असले तर साधे, काळे असले तर परदेशी. फोटो पाठवा, नेमकी जात सांगतो. निळी चिकट कार्डं लावा. आणि दर आठ दिवसांनी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आणि कपड्याचा साबण मिसळून फवारा.

आधी शेवटच्या मुद्द्याबद्दल, कारण त्यात माणसाच्या जिवाला धोका आहे. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला केंद्र सरकारने २००५ मध्येच बंदी घातली. हे औषध झाडाच्या आत भिनतं, त्यामुळे मिरची कितीही धुतली तरी ते निघून जात नाही. आपल्याकडची मिरची सकाळी तोडून दुपारी बाजारात जाते. आठवड्याला तोडा आणि आठवड्यालाच फवारणी, म्हणजे प्रत्येक तोड्याबरोबर विष घरोघरी पोचणार. २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं दगावली, त्या जेवणात हेच मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. फवारणाऱ्याच्या अंगावर, श्वासात जातं ते वेगळंच. असला सल्ला बायकांच्या गटात पुढे ढकलणाऱ्यांना आपण काय करतोय हे कळत कसं नाही?

आता पान वळण्याचं. वळण्याच्या तऱ्हा वेगळ्या आणि कारणंही वेगळी. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला, खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी चट्टे दिसले, तर फुलकिड्यांचा संशय घ्या. कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं, देठ लांबला, तर बहुधा कोळी (इंग्रजीत माईट). कोळी हा कीटकच नाही, त्यामुळे फुलकिड्यांची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातलं कीटकनाशक वारंवार मारलं तर कोळी वाढतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. कोळ्यावर गंधक उपयोगी पडतं, पण तेही भर उन्हात मारू नये, पानं भाजतात. तिसरं कारण चुरडामुरडा, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो विषाणू. पानं बारीक होऊन गोळा होतात, शिरा जाड होतात, झाड खुजं राहतं. विषाणू शिरलेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही, ते उपटून काढायचं.

रंगाबद्दलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. २०१५ मध्ये बंगळुरूकडे पपईवर पहिल्यांदा नोंदलेली थ्रिप्स पार्विस्पिनस ही जात गडद असते, फुलात दडते, आणि २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात तिने मिरचीची धूळधाण केली. पण तिची पिल्लं फिकट पिवळीच असतात! आणि पिवळ्याला 'साधे' म्हणणं तर फारच चुकीचं: थ्रिप्स पाल्मी पिवळाच आहे आणि कलिंगडाचा शेंडा करपवणारा विषाणू तोच पसरवतो. किनाऱ्यावर कलिंगड लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फोटोवरून जात सांगणं शक्य नाही. हा किडा जेमतेम १ मिलिमीटरचा. जात ठरते ती काचपट्टीवर मांडून, सूक्ष्मदर्शकाखाली शिंगांचे भाग आणि डोक्यावरचे केस बघून. मोबाईलच्या फोटोत झालरीसारखे पंखही नीट दिसत नाहीत.

निळ्या कार्डाचं म्हणणं बरोबर आहे. किडे आलेत हे त्यावर कळतं. मात्र नुसत्या कार्डांनी ते आटोक्यात येत नाहीत, आणि एका फवारणीनेही नाही, कारण अंडी पानाच्या आत असतात आणि कोष बहुतेक मातीत.

मावशीला मी सांगितलं ते असं. सकाळी पांढऱ्या कागदावर शेंडा आणि फुलं झटक. बारीक लांबट किडे चालताना दिसले तर फुलकिडे. काही दिसलं नाही तर भिंगाने पानाची खालची बाजू बघ, कोळी तिथे असतो. जात कळायलाच हवी असेल तर किडे स्पिरिटच्या छोट्या बाटलीत घाल, वळलेले शेंडे कागदी पिशवीत ठेव आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात पोचव. औषध कुठलं मारायचं ते त्यानंतर, मिरचीसाठी शिफारस असलेलंच, आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलावर वाचून.