'पार्लाँ' नाही, 'पार्ल'च (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. फ्रेंच क्रियापदांच्या उच्चारांवरच्या माझ्या पोस्टखाली (त्यात मी ils parlent, म्हणजे 'ते बोलतात', याचा उच्चार 'इल पार्ल' असा सांगितला होता) तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेबाराला वाचली आणि खरं सांगते, झोपच उडाली. मुद्द्यामुळे नाही हो, "आधी स्वतः शिका, मग शिकवा" या वाक्यामुळे. "मॅडम, इथे मला शंका आहे" एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आधी माझी चूक. 'नूझाप्लों'च्या (आम्ही हाक मारतो) स्पेलिंगमध्ये मी दोन एल टाकले होते, ते 'झापेल'मध्ये (मी हाक मारते) असतात, इथे एकच हवा. दुरुस्त केलंय, थँक्यू.

आता तुमचं वाक्य: "इल पार्ल मधल्या क्रियापदात par आणि lent असे दोन सिलॅबल आहेत, तुम्ही एकच सांगता." (सिलॅबल म्हणजे उच्चाराचा एक तुकडा.) अहो, ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर पी-ए-आर एकीकडे आणि एल-ई-एन-टी दुसरीकडे, हे मलाही माहितीये, पण माझी पोस्ट उच्चारावर आहे, छपाईवर नाही! शेवटचं ई-एन-टी तिथे मुकं असतं, म्हणून झ पार्ल (मी बोलते), त्यू पार्ल (तू बोलतोस), इल पार्ल (तो बोलतो, ते बोलतात), एकवचन असो की अनेकवचन, कानाला सगळं सारखंच, लिहिताना तीन वेगवेगळी शेपटं. आपण 'करतो' लिहितो तेव्हा क-र-तो अशी तीन अक्षरं, बोलताना मात्र कर्-तो. भाजीवाल्याशी कोणी क-र-तो म्हणत बसतं का?

आणि ई-एन-टी दिसलं की 'आँ' म्हणायचं, ही सवय मोडायला एकच वाक्य पुरतं: ले पूल द्यू कूवाँ कूव. मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटच्या दोन्ही शब्दांचं स्पेलिंग अगदी तेच, couvent, पण मठ हे नाम म्हणून 'कूवाँ', दोन सिलॅबल, आणि उबवतात हे क्रियापद म्हणून 'कूव', एकच. मी अकरावी-बारावीच्या मुलांना (बहुतेक जण स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतात, असो) पहिल्याच महिन्यात हे पाठ करून घेते. शिवाय मी चौदा महिने फ्रान्समध्ये ल्योंला राहिलेय, रोज सकाळी बेकरीच्या रांगेत उभी राहून लोकांचं बोलणं ऐकलंय, त्यामुळे कोण काय म्हणतं हे मला पुस्तक उघडून बघायला लागत नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूझ-मार्सेयला, शेवटचा ई ऐकू येतो म्हणता. येतो, पण 'पार्लाँ' तिकडेही कोणी म्हणत नाही. कवितेत तो ई मोजतात, हेही बरोबर, आपल्याकडे वृत्तात 'करतो' तीन अक्षरी धरतातच की. प्रश्न विचारताना 'पार्लतील' (ते बोलतात का?) होतं तेव्हा टी ऐकू येतो, पण तो पुढच्या 'इल'ला चिकटतो, त्यावर वेगळं लिहीन.

बाकी स्पेलिंग बघूनच उच्चार ठरवायचा असेल तर 'नू फझों' (आम्ही करतो) कसं म्हणणार? तिथे ए-आय लिहिलेलं असतं, 'फेझों' म्हणून बघा एकदा पॅरिसमध्ये.

तुमची प्रतिक्रिया डिलीट केलेली नाही. राहू दे तिथेच.