दक्षिणेकडे तोंड करून

सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या घराची मागची भिंत आणि अण्णांच्या कारखान्याची पुढची भिंत एकच आहे. पलीकडे टॉवेलचे चार यंत्रमाग. सकाळी सुरू होतात ते रात्रीच थांबतात. त्यामुळे आमच्या घरात हळू कुणीच बोलत नाही. लग्नानंतर बायकोला पहिला महिनाभर वाटत होतं की ही माणसं सारखी भांडतात. आम्ही मीठ मागत होतो.

अशा घरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी ठरवलं की कुणाला त्रास होणार नाही अशी, हळू वाजणारी एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची.

आधी गावातल्याच एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तबले, पेट्या, हलग्या, भजनी टाळ. "इलेक्ट्रिक हाय का?" विचारलं तर मालक म्हणाले, "हाय की!" आणि त्यांनी आतून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. तो चालू करून आम्ही दोघं पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. बरं वाटलं. मग मी घरी आलो.

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तिथून खरा त्रास सुरू झाला.

"मामा, आधी सांग, तुला टोन, म्हणजे आवाजाचा पोत, कोणता हवाय?"

मला वाटलं होतं तो बजेट विचारेल. बजेट २५ हजार होतं, तेही गिटार आणि अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) दोन्ही मिळून, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. टोनचं नव्हतं. मग त्याने तासभर समजावलं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. अशा वेढ्यांची गुंडाळी म्हणजे कॉइल. एकाच कॉइलचा पिकअप स्वच्छ, खणखणीत बोलतो, पण तो घरातल्या वायरिंगचीही 'घूं' उचलतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० ची. म्हणजे तिकडची गिटार जरा वरच्या पट्टीत कण्हते.

यावर १९५० च्या दशकात उपाय निघाला, हंबकर. दोन कॉइल शेजारीशेजारी, वेढे उलटे, चुंबकही उलटे. बाहेरून आलेल्या घूंच्या बाबतीत दोघी एकमेकींच्या विरुद्ध बोलतात, म्हणून ती विरून जाते. तारेच्या बाबतीत मात्र दोघींचं एकमत. मला ही रचना लगेच कळली. आमच्या घरी आई आणि बायको यांची जोडणी अशीच आहे. एरवी एकीचं दुसरीला पटत नाही, पण मी गिटार घेऊ नये यावर दोघींचा आवाज दुप्पट येत होता.

भाच्याने एक गोष्ट मात्र धीराची सांगितली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणणाऱ्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणजे न येणाऱ्यांची परंपरा चांगलीच जुनी आहे.

मग वॅट. माझा हिशेब बल्बचा होता. १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दहापट मोठा वाजणार, गड्ड्याच्या यात्रेतल्या भोंग्यासारखा. तर तसं नाही. कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. हे ऐकून मी खूश झालो. पण याचाच उलटा अर्थ असा की १० वॅटचाही काही गरीब नसतो. त्यातही व्हॉल्व्हचा असेल तर ५ वॅटमध्ये शेजारी दार वाजवतो, आणि त्याचा खरा गोडवा म्हणे आवाज चढवल्यावरच येतो.

"व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या जुन्या रेडिओत होते तेच ना?" बायकोने विचारलं.

"तेच."

"तो तापायला वेळ घ्यायचा म्हणून तुम्हीच भंगारात दिलात, अहो."

व्हॉल्व्ह बाद.

शेवटी एका रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठलं. दुकानातल्या पोराचे केस माझ्या पूर्ण खानदानाचे मिळून नसतील एवढे होते. तो जी गिटार हातात घेई ती अशी वाजवी, की तीच घ्यावी. मग ती माझ्या हातात देई. दुकानात आणखी सहा जण होते, सगळे विशीतले, आणि माझी वाट पाहत होते. मला तीन कॉर्ड (एकदम वाजवायचे सुरांचे जुडगे) येतात, त्यातली तिसरी माणसं नसतानाच लागते. मी मंडईत वांगं निवडतात तशी गिटार उलटीपालटी करून पाहिली, दांडा एका डोळ्याने पाहिला (हे भाच्याने शिकवलं होतं, काय दिसायला हवं ते सांगितलं नव्हतं), आणि "वजन कसंय?" विचारलं. लेस पॉल नावाच्या जुन्या मॉडेलच्या घाटाची एक गळ्यात अडकवली तर चार किलोच्या आसपास. माझ्या कमरेने तिथल्या तिथे मत दिलं.

अखेर तडजोड घेतली. हलकं अंग, ब्रिजपाशी (तारा खाली अडकतात तिथे) हंबकर, वर दोन सिंगल कॉइल. सोबत २० वॅटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे आत कॉम्प्युटर आणि त्यात दहा-बारा नामांकित अ‍ॅम्पच्या नकला. खरेदीचं खरं कारण त्याच्या मागे होतं. हेडफोनचं भोक. आवाज करण्यासाठी मोजलेल्या पैशांतलं सगळ्यात कामाचं ते निघालं.

घरी खोका उघडला तेव्हा अण्णा आलेच. कॉइल, वॅट, लिओ फेंडर यातलं काही त्यांनी विचारलं नाही. सरळ खाली बसले आणि स्पीकरवरचं जाळीचं कापड चिमटीत धरून चोळलं. चष्मा वर करून ताणा पाहिला, बाणा पाहिला.

"किती दिलास बे याला?"

मी आकडा सांगितला, थोडा कमी करून.

"कापड इरळ हाय. महिन्याभरात ढिलं पडतंय बघ."

मग म्हणाले, लाव. मी लावला, आवाज दोनवर. भिंतीपलीकडे चार माग खडखडत होते, धोट्यांचा मार चालू होता, आणि अण्णा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "आवाज कमी कर की! लोकं राहतेत इथं!"

तेव्हापासून मी हेडफोनवर आलो. मला कानात स्टेडियम ऐकू येतं. घरच्यांना बिनजोडणीच्या तारांची टिकटिक, माग थांबल्यावर. बायको म्हणते, माळ्यावर उंदीर झालाय असं वाटतं, फक्त उंदीर इतका चुकत नाही.

तिन्ही कॉर्ड बसल्या नाहीत तोवर घूं आली. सिंगल कॉइलवर गेलो की घूं, पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की आणखी घूं. इलेक्ट्रिशियन आला, त्याने अर्थिंग पाहिलं आणि "हे तुमच्या आजोबांच्या काळातलं" म्हणून मान हलवली. मग एका रात्री शोध लागला की स्टुलावर बसून अंग वळवत गेलं की घूं कमीजास्त होते, आणि एका ठरावीक कोनात जवळजवळ गप्प होते. मी तिथे खडूने खूण केली. सकाळी आईने खूण पाहिली.

"अरे, ही दक्षिण."

"असू दे."

"दक्षिणेकडे तोंड करून माणूस जेवत नाही, आणि तू गाणं वाजवणार?"

मी पिकअप, कॉइल, ५० हर्ट्झ सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मी ऑफिसला गेल्यावर खूण पुसली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी रांगोळी होती. आता मी घूं सहन करत पूर्वेकडे वाजवतो आणि आई झोपली की वळतो.

मे महिन्यात पारा ४३ वर गेला. लाकूड सुकून जरा आक्रसलं, दांड्यावरच्या पट्टीच्या कडेने फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या काड्यांची, टोकं बाहेर डोकावायला लागली आणि डावा हात किसणीवर घासल्यासारखा झाला. ते कानशीने घासून घ्यावं लागतं. मी तळहाताला चिकटपट्टी लावली.

अशाच एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, अ‍ॅम्पचा दिवा विझला, आणि मागचे चारही माग एकदम गप्प झाले. साखर पेठेत इतकी शांतता मी लहानपणी पाहिली असेल. काही सुचेना म्हणून हेडफोन काढून तशीच, कोरडी, तीन कॉर्ड वाजवत बसलो. तिसरीही लागली.

भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला.

"आता कसं नीट वाजवूलालास बे! पेटी बदललास काय?"

मी काही बोललो नाही.

"हीच ठेव," अण्णा म्हणाले. "कापड पण चांगलं असंल हिचं."