श्रीलंका नकाशावर लहान दिसते, म्हणून फसू नका

‘सात रात्रींत संपूर्ण श्रीलंका’ ही जाहिरात दिसली की त्यासाठी पैसे भरणाऱ्या कुटुंबांची मला काळजी वाटते. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल, बेंटोटा आणि परत कोलंबो. रोज सकाळी बॅगा बांधायच्या आणि रोज चार-पाच तास गाडीत बसायचं. देश महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिस्स्याएवढा, त्यामुळे सगळं सहज बसेल असं वाटतं. बसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की एका खेपेला अर्धीच श्रीलंका बघावी, आणि कुठली अर्धी ते तुमच्या सुट्टीच्या महिन्यावरून ठरवावं.

कारण तिथला पाऊस. बेटाच्या मध्यभागी अडीच हजार मीटरपर्यंत चढलेले डोंगर आहेत आणि पावसाळे दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे पश्चिम आणि दक्षिण किनारा भिजवतात, हॅटन आणि नुवारा एलियाकडची उतरणही चिंब असते. त्याच दिवसांत डोंगरापलीकडे एल्ला, बदुल्ला, सिगिरिया आणि पूर्व किनारा बऱ्यापैकी कोरडा असतो. महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना फलटणला ऊन असतं, तसंच. डिसेंबर ते फेब्रुवारी हे उलटं होतं: ईशान्येचे वारे पूर्वेच्या त्रिंकोमालीला झोडपतात आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसाचा समुद्र शांत होतो. तिथल्या चहाचं वेळापत्रकही यावरच चालतं. उवा भागाचा (एल्ला-बदुल्लाकडचा) उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरात निघतो, डिंबुलाचा (हॅटनकडचा) जानेवारी ते मार्चमध्ये, दोन्ही आपापल्या कोरड्या हंगामात.

आता आपल्या सुट्ट्या यावर ठेवून बघा. दिवाळी सगळ्यांत वाईट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन पावसाळ्यांमधला काळ असतो, दुपारनंतर बेटावर कुठेही गडगडाटासह कोसळतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. घाटात दरडी पडतात, रेल्वे बंद होते. तेव्हा दिवाळीत दुसरा देश बघा.

मेच्या सुट्टीत सांस्कृतिक त्रिकोण, म्हणजे जुन्या राजधान्यांचा मधला भाग, आणि पूर्व किनारा घ्या. विमानतळ कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, म्हणून उतरल्यावर कोलंबोत शिरूच नका. थेट दांबुल्ला-सिगिरिया गाठा (सुमारे चार तास) आणि तिथे तीन रात्री एकाच हॉटेलात राहा. पोलोन्नरुवाचे अवशेष, दांबुल्लाची लेणी, सिगिरियाचा कातळकिल्ला हे सगळं तिथून होतं. मग त्रिंकोमालीजवळ निलावेलीला तीन रात्री. पिजन आयलंडजवळ प्रवाळ दिसतं, आणि कड्यावरचं कोणेश्वरम मंदिर संध्याकाळी बघावं. परतताना एक रात्र कँडी.

जानेवारीअखेर ते मार्च जमत असेल तर कँडी, एल्ला आणि दक्षिण किनारा. मिरिसाचे देवमासे नोव्हेंबर ते एप्रिल दिसतात. नाताळातही हा मार्ग चालतो, पण एल्ला तेव्हा ढगात असण्याची शक्यता बरीच, त्यामुळे तिथली एक रात्र कमी करून किनाऱ्यावर वाढवा. वाटेत उडावलवे अभयारण्यात जीपने फिरा. हत्ती तिथे वर्षभर दिसतात. याला अभयारण्याचा मुख्य भाग सप्टेंबरच्या सुमारास साधारण दीड महिना बंद असतो, हे बऱ्याच जणांना बुकिंग झाल्यावर कळतं.

प्रवासाचा वेळ काढताना मोबाईलवरच्या नकाशाचा आकडा धरू नका. डोंगरात ताशी २५ ते ३० किलोमीटर, सपाटीवर ४०. कँडी ते नुवारा एलिया ७७ किलोमीटरच आहे, पण तीन तास धरा. वेगवान रस्ता हवा तर गॉलकडून परततानाचा द्रुतगती मार्ग, तिथून विमानतळ अडीच तासांत येतो.

कँडी-एल्ला रेल्वेबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त निराशा तिथेच होते. प्रवास साडेसहा-सात तासांचा. आरक्षण ३० दिवस आधी खुलं होतं आणि तिकिटं बघता बघता संपतात. गाडी बहुधा कोलंबोहून येते, त्यामुळे अनारक्षित डब्यात कँडीला बसायला जागा मिळणं अवघड. त्यापेक्षा कँडीहून मोटारीने नानू ओयाला (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) जा आणि तिथून एल्लापर्यंतचे साधारण तीन तास रेल्वेने करा. सगळ्यात उंच पट्टीपोला स्टेशन आणि त्यानंतर उघडणारी दरी याच टप्प्यात आहे. सामान मोटारीत ठेवून ड्रायव्हरला पुढे एल्लाला पाठवायचं. वातानुकूलित पहिला वर्ग घेऊ नका, खिडक्या उघडत नाहीत. आणि दारातून बाहेर लोंबकळून फोटो काढू नका. बोगदे, खांब आणि कड्यावरची झाडं डब्याला अगदी चिकटून आहेत. त्यात माणसं मेली आहेत.

सिगिरियाला सकाळी दार उघडतानाच हजर राहा. सुमारे १२०० पायऱ्या आहेत आणि वाटेतल्या सिंहाच्या भव्य पंजांच्या शिल्पापासून वर अरुंद लोखंडी जिना आहे. नऊनंतर तिथे रांग आणि डोक्यावर ऊन. वरच्या कड्यांवर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, म्हणून शांतता राखायला सांगतात. ते मनावर घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालची पाण्याची उद्यानं बघावीत, पाचव्या शतकातलं ते काम वरच्या अवशेषांपेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे, पासपोर्ट जवळ ठेवा.

हॉर्टन प्लेन्स या डोंगरावरच्या पठाराला जायचं तर नुवारा एलियाहून पहाटे पाचच्या आत निघा. साधारण नऊ किलोमीटरची फेरी आहे आणि नऊ-दहाच्या सुमारास ‘वर्ल्ड्स एंड’चा कडा धुक्यात जातो. प्लास्टिकची वेष्टनं दारातच काढून घेतात.

पौर्णिमा तपासा. प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते, दारूविक्री बंद, देवळांचे रस्ते तुडुंब. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला आणि टोपी बाहेर. दुपारी दगड तापतात, म्हणून मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजला जातो.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: उंबलकड. वाळवलेल्या माशाचा हा चुरा नारळाच्या सांबोलात (चटणीत) असतो आणि पुष्कळदा भाज्यांतही. ‘व्हेज’ म्हटल्यावर मांस वगळतात, हा चुरा राहतो. ‘उंबलकड नको’ असं प्रत्येक जेवणाआधी सांगा.

ड्रायव्हरसह गाडी ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: रोजची किलोमीटर मर्यादा, त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च कोणाकडे, द्रुतगती मार्गाचा टोल आणि पार्किंग. मसाल्याची बाग आणि रत्नांचं दुकान नको हे पहिल्याच दिवशी नीट सांगून टाका. तिथे त्याला कमिशन मिळतं, आणि तुमचे दोन-दोन तास जातात.