वीसची दिली की दोनशेची?
नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा घ्यायला गेलं की दरवेळी तीच धाकधूक! वीसची नवी नोट हिरवट पिवळी, दोनशेची भडक पिवळी. संध्याकाळी दुकानातल्या मिणमिणत्या दिव्याखाली, घामाने ओलसर झालेली, चौपदरी दुमडलेली नोट हातात आली की ओळखायची कशी? शंभर, दोनशे, पाचशे, तिन्हींची रुंदी ६६ मिमी. लांबीत फरक फक्त ४-४ मिमीचा! गर्दीत तो कोणाच्या बोटांना कळतो? म्हाताऱ्यांनी काय करायचं? ज्यांना दिसतच नाही त्यांनी? त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट किती रुपयांची ते बोलून सांगणारं ‘मनी’ ॲप काढलं, चांगलं केलं. पण मागून "चला ना भाऊ, लवकर" सुरू असताना फोन नोटेवर धरू देतं कोण? आणि कोऱ्या नोटा तर अशा चिकटतात की एकीच्या जागी दोन जातात.

नोट गल्ल्यात पडली की संपलं! "तुम्ही शंभरचीच दिली." "नाही हो, पाचशेची होती." आता सिद्ध कोण करणार? अरे दुकानदारांनो, नोट घेताना मोठ्याने ‘पाचशे’ म्हणा ना! उरलेले पैसे परत देईपर्यंत ती समोर उघडी ठेवा! एवढं करायला काय जातं तुमचं?