गुरुवारचं वॉन्टन

सर्दी झाली की पेज प्यावी, फार तर गवती चहाचा काढा घ्यावा आणि गप पडून राहावं, अशी आमच्या घराण्याची रीत. बायको या घराण्यात लग्न करून आली असली तरी सर्दी तिची माहेरची. गुरुवारी दुपारी तिचा ऑफिसात फोन आला.

"बला दा, बस्त गरब वॉद्टद सूप हवंय."

"संध्याकाळी येताना खालून घेऊन येतो."

"खालचं दको. घरी केलेलं."

आम्ही सिंगापुरात राहतो. 'खालचं' म्हणजे आमच्या इमारतीसमोरच्या हॉकर सेंटरमधलं. रस्त्यावरच्या गाड्यावाल्यांना सरकारने कधीकाळी छपराखाली आणून बसवलं, त्याची ही सेंटरं. 2020 साली युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून मी तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर जरा ताठ बसतो. वॉन्टन म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून उकळलेली चिनी पुरचुंडी. पाच डॉलरच्या आसपास वॉन्टन नूडल्स मिळतात, सोबत छोट्या वाटीत सूप आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हिरव्या मिरच्या. अडचण एवढीच की सारण डुकराच्या मांसाचं आणि सूपही त्याच हाडांचं. बायको कोंबडी खाते, मासे खाते, खेकड्याची नांगी फोडताना तिच्याशी बोलायचीही सोय नसते. पण पोर्क नाही. का नाही, असं एकदा विचारलं होतं. "नाही म्हणजे नाही" असं उत्तर आलं. आत्ता विचारलं असतं तर "दाही बणजे दाही" आलं असतं, म्हणून विचारलं नाही.

वीकडेला झटपट होणाऱ्या पदार्थांच्या पाककृती लिहिणारे लोक कुठे राहतात, हे मला एकदा बघायचंय. त्यांच्या घरी कोंबडीचा खिमा तयार असतो, कोळंबी सोललेली असते, फ्रीजमध्ये हाडांचं सूप वाट बघत असतं. आणि त्यांची आई साताऱ्याला असते. माझी आई तीन महिन्यांसाठी माझ्या स्वयंपाकघरात होती, आणि वार गुरुवार. दत्ताचा. आई बुधवारी सुरमईचा काटासुद्धा चोखून ठेवते, पण गुरुवारी अंड्याच्या टरफलालाही हात लावत नाही.

मी पिशव्या घेऊन घरात शिरलो तर तिने पहिला प्रश्न विचारला, "कुकर कधी लावू?"

हा प्रश्न साधा वाटतो. आमच्या शेगडीला बर्नर दोन आहेत.

"आज कुकर नको. आज वॉन्टन सूप."

"ते असू दे. कुकर कधी लावू?"

सुपरमार्केटात वॉन्टनच्या पाऱ्या तयार मिळतात. चौकोनी, पिवळसर, एकावर एक रचलेल्या, मध्ये कॉर्नफ्लोअर भुरभुरलेलं. आईने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. चष्मा नव्हता म्हणून ते लेकीकडे गेलं. लेक चौथीत आहे आणि वाचनाची तिला फार आवड आहे. तिने मोठ्याने वाचलं, "मैदा, एग, सॉल्ट..."

घरात शांतता पसरली. फक्त सोफ्यावरून एक शिंक आली.

"राहू दे रे," आई म्हणाली, "मी आपला वरणभात खाईन. कुकर कधी लावू?"

आता इथे कुठलाही शहाणा माणूस कुकर लावून मोकळा झाला असता. पण आई साताऱ्याहून एवढी आलेली, आणि आपण तिघांनी वॉन्टन खाऊन तिला वरणभात वाढायचा? मी जाहीर केलं की आईसाठी शाकाहारी वॉन्टन होतील. टोफू, कोबी, मशरूम. पाऱ्याही घरी लाटू. बिनअंड्याच्या.

"मशरूम म्हणजे कुत्र्याची छत्री ना?"

"हो. पण चांगली छत्री आहे. सुकवलेली."

"मग भिजव जा," आई म्हणाली. गुरुवारी कुत्र्याची छत्री चालते की नाही, याबद्दल आमच्याकडे कुणीच काही सांगून ठेवलेलं नाही.

मैदा आईने मळला. घट्ट, चिमूटभर मीठ घालून, आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवला. तेवढ्यात मी कोंबडीची हाडं एकदा उकळून ते फेसाळ पाणी फेकलं आणि नव्या पाण्यात आल्याचे काप, कांद्याची पात घालून मंद आचेवर ठेवली. हे सूप खळाखळा उकळू द्यायचं नसतं, नाहीतर चरबी पाण्यात मिसळून ते गढूळ होतं. इथले लोक त्यात इकान बिलिस घालतात, म्हणजे सुकवलेले बारीक मासे. मी डबा नुसता उघडला तर आई हातातलं टाकून गॅलरीत गेली आणि तिथून म्हणाली, "वास चांगलाय. उद्या कर हे."

डबा बंद केला.

कोळंबी साफ करायला घेतली तेव्हा ती परत आली होती, माझ्याकडे पाठ करून. पण न काढलेला दोरा तिला पाठीनेही दिसतो. "त्या तिसरीचा राहिलाय," एवढंच म्हणाली. मग मी कोळंबीला चिमूटभर खायचा सोडा चोळला, आणि तिला वळावंच लागलं.

"सोडा? भजी करतोयस का?"

सोड्याने कोळंबी शिजल्यावर चोथा होत नाही, दाताखाली करकरीत लागते. पंधरा-वीस मिनिटांनी धुऊन टाकायचा असतो. हे सगळं मी समजावलं. आईने ऐकून घेतलं आणि सोड्याचा डबा उचलून वरच्या फडताळात, माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवला. माझी उंची तिच्यापेक्षा जास्त आहे, पण सवयीचा भाग असतो.

कोंबडीचा खिमा, कोळंबीचे तुकडे, आल्याचा रस, सोया सॉस, पांढरी मिरी, तिळाचं तेल. हे एकाच दिशेने ढवळत राहायचं, तार येईपर्यंत. शाकाहारी सारणात ऑयस्टर सॉसची बाटली तिरकी केली होती, तेवढ्यात लेक बाटलीवरचंही वाचू लागली. ऑयस्टर म्हणजे कालवं. वाचनाची आवड मुलांना फार लवकर लावू नये.

पारी लाटायला आई बसली. पोळपाटावर मैदा असा फिरत होता की खालचं लाकूड दिसावं. मी सुरीने चौकोन कापू लागलो, तर उरलेल्या कडा तिने एका ताटलीत गोळा करायला सुरुवात केली.

"याचं काय करायचं?"

"टाकायचं."

"टाकायचं?" साताऱ्यात मैद्याची कड कुणी टाकल्याचं तिला आठवत नव्हतं. "घाल त्या पाण्यात. चकोल्या होतील."

मी तिला सांगितलं की वॉन्टनची एक पद्धत असते. हाँगकाँगला वाटीत वॉन्टन तळाशी आणि नूडल्स वर ठेवतात, म्हणजे नूडल्स भिजून फुगत नाहीत. शांघायकडे मोठे वॉन्टन करतात, सारणात पालेभाजी घालतात. सिच्वानमध्ये तर लाल तिखट तेलात घोळवतात. आईने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे ज्याला जसं जमेल तसं करतात. मग तूच एकटा कशाला चीनची अब्रू राखतोयस?"

कडा आईच्या मशरूमच्या सूपमध्ये गेल्या.

खरी पंचाईत पुढे होती. शिजल्यावर शाकाहारी कुठले आणि मांसाहारी कुठले, हे ओळखायचं कसं? तोडगा आईनेच काढला. माझे वॉन्टन गाठोड्यासारखे, तिचे मोदकासारखे. पारी तळहातावर घेऊन ती चिमटीने मुखऱ्या पाडत गेली. एकसारख्या, बारीक, वर नीट शेंडी. माझी गाठोडी शेजारी ठेवली तर गणपतीच्या पंगतीला कुणी फाटके खिसे आणून ठेवल्यासारखं दिसत होतं. लेकीने दोन्हींचे फोटो काढले आणि माझ्याकडचा कोपरा कापून आजीचे तेवढे मैत्रिणींना पाठवले.

पण वॉन्टन हा घाईतल्या माणसाचा पदार्थ आहे, हे मला त्या रात्री पटलं. पारी कशीही गोळा करायची, मानेशी दाबायची, वरचा घोळ मोकळा सोडायचा. तो घोळ पातळ असतो, म्हणून सारणाबरोबरच शिजतो आणि सूपमध्ये माशाच्या शेपटीसारखा हलतो. मुखऱ्यांनी शेंडीशी सात-आठ पदर जमले होते. माझी गाठोडी तीन-चार मिनिटांत वर तरंगली. मोदकही तरंगले, पण शेंडी पांढरीच. आईने एक चिमटीत धरून दाबून बघितला, म्हणाली, "शेंडीला कच्चं राहिलंय," आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू शेंडी माझी होती. मोदक पुन्हा पाण्यात.

तोवर बर्नरांची वाटणी विकोपाला गेली होती. वॉन्टन सूपमध्येच उकळले तर पिठाने सूप गढुळतं, म्हणून वेगळं पाणी लागतं. म्हणजे मांसाहारी सूप, मांसाहारी पाणी, मशरूमचं सूप, शाकाहारी पाणी. पातेली चार, बर्नर दोन, झारा एक. झाऱ्याचा प्रश्न निघाला तेव्हा लेकीने तिच्या खोलीतून वाळूत खेळायची प्लास्टिकची चाळणी आणली. आईने ती साबणाने तीनदा धुतली आणि शाकाहारी बाजूला नेमली.

"कुकर..." ती म्हणाली.

"आई, प्लीज."

पावणेदहाला आम्ही जेवायला बसलो. बायकोने शाल लपेटून वाटीवर तोंड धरलं. वाफ घेतली. एक वॉन्टन तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"बीठ कबी आहे," ती म्हणाली. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "अजूद दे."

आईने स्वतःच्या वाटीत थोडं तूप सोडलं. मी काही बोललो नाही. कडेच्या चकोल्या तिने आधी संपवल्या, मोदक नंतर. लेक म्हणाली, आजीचे बेस्ट आहेत, बाबांचे खालच्यासारखेच आहेत. खालचा माणूस जन्मभर हेच करत आलाय, तेव्हा मी ते कौतुक म्हणून ठेवून घेतलं.

अकरा वाजता भांडी घासून झाली. साताऱ्यात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, म्हणून आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मी ओटा पुसत ऐकत होतो.

"अगं, पोराने मैद्याच्या करंज्या उकडल्या. हो, पाण्यात. नाही, गोड नाही. आत कुत्र्याची छत्री. अगं चांगली लागते, तूप घातलं की. सहा वाजल्यापासून लागलेलं सगळं घर. सुनेने दोनदा घेतलं."

पलीकडून मावशीचा आवाज खणखणीत आला, "ते सगळं ठीक आहे गं, पण मग जेवायला काय केलंस?"

"आत्ता कुठे बर्नर मिळालाय," आई म्हणाली. "एक शिट्टी झालीये, अजून दोन होऊ देत."